फूड प्रोसेसर घेताय? आधी दुरुस्तीचा पत्ता विचारा

विशेष प्रतिनिधी

मेडशी (जि. वाशीम) : दसरा-दिवाळीच्या सुमारास शहरांतील दुकानांत स्वयंपाकघरातील यंत्रांची मोठी खरेदी होते. त्यातील बरीचशी यंत्रे शहरात राहत नाहीत. पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा अकोल्यात नोकरी करणारा मुलगा वा मुलगी गावाकडच्या घरासाठी फूड प्रोसेसर विकत घेते आणि सुटीत तो गावी पोहोचवते. खोका उघडला जातो, सगळे कौतुक करतात, चार-सहा महिने यंत्र चालते आणि मग एखादा लहानसा भाग तुटतो किंवा मोटर जळते. यंत्र माळ्यावर जाते आणि पाटा-वरवंटा पुन्हा जागेवर येतो. खर्च झालेले पैसे तर वाया जातातच. परंतु ज्या हातांचे श्रम वाचावेत म्हणून ती खरेदी झाली, त्या हातांना काहीच मिळत नाही.

असे का होते, याचा विचार करताना मेडशीसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगाचे ठरते. मालेगाव तालुक्यातील हे गाव अकोला-वाशीम मार्गावर आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु मोठ्या खरेदीसाठी आणि दुरुस्तीसाठी या भागातील माणसाला आजही एकीकडे अकोला आणि दुसरीकडे मालेगाव-वाशीम असाच विचार करावा लागतो. अशा गावात जे यंत्र दहा वर्षे टिकेल, ते शहरातील सदनिकेत सहज टिकेल. उलट मात्र खरे असेलच असे नाही. म्हणून विश्वासार्ह फूड प्रोसेसर कोणता, हा प्रश्न शहरी दुकानाच्या काउंटरवरून न विचारता गावातील ओट्यावरून विचारला, तर त्याचे उत्तर अधिक स्पष्ट मिळते. यंत्र घरातील कामाला पुरले पाहिजे आणि बिघडल्यावर जवळपास दुरुस्त झाले पाहिजे. बाकी सर्व गुण त्यानंतर.

बिघडलेल्या मिक्सरातून जन्मलेला मिक्सर

भारतीय मिक्सरचा इतिहासही हेच सांगतो. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईत सीमेन्स कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी जर्मन बनावटीचा ब्राऊन मिक्सर होता. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांनी त्यावर भारतीय वाटण करण्याचा प्रयत्न केला आणि यंत्राची मोटर निकामी झाली. ते दुरुस्त करण्याची सोय भारतात नव्हती. युरोपीय घरांत सूप, फळांचा रस, केकचे मिश्रण अशी मऊ कामे करण्यासाठी ते यंत्र बनवलेले होते. भिजवलेली डाळ, सुके खोबरे, धने, मिरच्या हे त्याचे काम नव्हते. माथुर यांनी मग अधिक ताकदीची मोटर आणि वेगळ्या घडणीची पाती असलेले यंत्र तयार केले. १९६३ मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि ‘सुमीत’ हे नाव पुढे घराघरांत पोहोचले. मराठी कुटुंबांत तर कित्येक वर्षे मिक्सर म्हणजे सुमीत असेच समीकरण होते.

या कथेचा उत्तरार्धही ग्राहकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘सुमीत’ हे नाव कोणी वापरावे, याचा वाद १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नंतरच्या काळात या नावाचे बाजारातील पूर्वीचे स्थान राहिले नाही. इतर नावांचेही हात बदलले. चेन्नईत १९७८ मध्ये सुरू झालेला प्रीती हा मिक्सर २०११ मध्ये फिलिप्सकडे गेला. पुढे फिलिप्सनेच आपला घरगुती उपकरणांचा व्यवसाय २०२१ मध्ये हिलहाऊस या गुंतवणूक कंपनीला विकला. मालक बदलल्याने यंत्र वाईट होते असे मुळीच नाही. परंतु ‘आईकडचा याच कंपनीचा मिक्सर पंचवीस वर्षे चालला’ एवढ्या आधारावर आजचे यंत्र घेणे पुरेसे नाही. नाव तेच असले तरी कारखाना, सुटे भाग आणि सेवा देणारी यंत्रणा तीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

मिक्सर आणि फूड प्रोसेसर यांतला फरक

बोलण्यात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण कामे वेगळी आहेत. मिक्सरचे भांडे उंच व अरुंद असते, तळाशी लहान पाती असतात आणि ती अतिशय वेगाने, मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतात. वाटणे, दळणे आणि घुसळणे हे त्याचे काम. फूड प्रोसेसरचे मुख्य भांडे रुंद असते. त्यात एस आकाराचे मोठे पाते, काप करणारी व किसणारी चकती, कणीक मळण्याचे पाते बसवता येते. ही कामे कमी वेगाने व अधिक जोराने करायची असतात. फ्रान्समध्ये उपाहारगृहांसाठी बनलेल्या अशा यंत्राची घरगुती आवृत्ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस आली आणि अभियंता कार्ल सॉन्थायमर यांनी १९७३ मध्ये ‘क्विझिनार्ट’ या नावाने ती अमेरिकेत आणली. भारतात विकला जाणारा फूड प्रोसेसर हा बहुतेक वेळा या दोहोंचा संगम असतो : एकच मोटर, तिच्यावर रुंद भांडेही बसते आणि मिक्सरची दोन-तीन भांडीही.

या संगमाचा फायदा म्हणजे जागा व पैसा वाचतो. तोटा म्हणजे मोटर गेली की सगळीच कामे थांबतात. रुंद भांड्यासाठी वेग कमी करण्याची व्यवस्था यंत्रात आहे का, हे म्हणून विचारलेच पाहिजे. अनेक यंत्रांत दातेरी चाके किंवा पट्टा वापरून हा वेग कमी केलेला असतो. ज्या यंत्रात मिक्सरचा वेग तसाच रुंद भांड्याला दिला जातो, तेथे कणीक तापते, कापांचा भुगा होतो आणि मोटरीवर ताण येतो.

आपल्याला फूड प्रोसेसर खरोखर हवा आहे का, हा प्रश्नही येथेच सोडवावा. घरात रोज दोन-तीन माणसांची कणीक असेल, भाज्या विळीवर वा सुरीने दहा मिनिटांत चिरून होत असतील, तर चांगला मिक्सर पुरेसा आहे. रुंद भांडे काढणे, धुणे, वाळवणे आणि पुन्हा ठेवणे यातही श्रम असतात. ज्या घरात सात-आठ माणसे जेवतात, सणावाराला मोठा स्वयंपाक होतो, डबे पुरवण्याचा लहानसा व्यवसाय आहे किंवा सांधेदुखीमुळे मळणे, किसणे अवघड झाले आहे, त्या घराला मात्र फूड प्रोसेसरचा खरा उपयोग होतो.

आधी घरातल्या कामांची यादी

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात वर्षभर काय काय वाटले, किसले, मळले जाते याची यादी करावी. वऱ्हाडातील एखाद्या घराची यादी केली तर ती साधारण अशी होईल : रोजच्या भाजीसाठी आले-लसूण आणि मिरची, रस्सा करताना भाजलेले सुके खोबरे, कांदा व मसाला, शेंगदाण्याचा कूट, जवस, तीळ, कारळाची चटणी, गोळाभात किंवा वडाभातासाठी भिजवलेल्या डाळींचे जाडसर वाटण, पोळ्याला व होळीला पुरण, उन्हाळ्यात वाळवणाचे पदार्थ आणि वर्षभराचे तिखट-हळद.

या यादीतील प्रत्येक कामाची यंत्राकडून वेगळी अपेक्षा आहे. जाडसर वाटण आणि ठेचा यांसाठी यंत्र क्षणभर चालवून लगेच थांबवता यावे लागते. त्यासाठी बटनाच्या एका टोकाला ‘पल्स’ किंवा ‘इंचर’ असे लिहिलेले असते. हात सोडताच ते बंद झाले पाहिजे. कूट व जवसाच्या चटणीसाठीही हीच सोय लागते. सलग चालवले तर दाण्यांना तेल सुटून गोळा होतो. चटणीचे लहान भांडे खरोखर लहान हवे. दोन चमचे आले-लसूण मोठ्या भांड्यात टाकले तर ते भिंतींना चिकटून बसते आणि पाती रिकामीच फिरतात. पुरणाची शिजलेली डाळ घट्ट असते. ती मिक्सरच्या भांड्यात एकदम भरली की मोटरीची खरी परीक्षा होते. पुरणयंत्र अजूनही या कामाला अधिक योग्य आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

काही कामे घरगुती यंत्राला देऊच नयेत. वाशीम-हिंगोलीच्या पट्ट्यात हळद पिकते, त्यामुळे घरची हळकुंडे मिक्सरवर दळण्याचा मोह होतो. वाळलेले हळकुंड दगडासारखे कठीण असते. त्याने पात्यांच्या कडा जातात, भांड्याच्या तळातील बुश ढिला होतो आणि मोटर तापते. हळद आणि वर्षभराचे तिखट यांची जागा कांडप केंद्रात किंवा गिरणीतच आहे. मेडशी असो वा पुणे, हा नियम बदलत नाही.

वॅटचा आकडा काय सांगतो?

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा वॅटचा असतो आणि विक्रेता त्यावरच भर देतो. वॅट म्हणजे यंत्र किती वीज घेते याचे माप. त्यातील किती वीज पात्यांच्या जोरात रूपांतरित होते आणि किती उष्णतेत वाया जाते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. चांगल्या तांब्याच्या गुंडाळीची, नीट हवा खेळणारी ७५० वॅटची मोटर ही निकृष्ट १००० वॅटच्या मोटरीहून अधिक काम देऊ शकते. चार-पाच माणसांच्या घरात नेहमीच्या सुक्या-ओल्या वाटणासाठी ५०० ते ७५० वॅट पुरतात. कणीक मळणे आणि मोठे घाणे असतील तर ७५० ते १००० वॅटचा विचार करावा.

वीजबिलाची भीती मात्र अनाठायी आहे. ७५० वॅटचे यंत्र रोज पंधरा मिनिटे पूर्ण भाराने चालले, तरी महिन्याला साडेपाच युनिटांच्या आसपास वीज लागते. १००० वॅटच्या यंत्राला त्याच हिशेबाने साडेसात युनिट. म्हणजे वॅट वाढल्याने बिलात पडणारा फरक दोन युनिटांचा. खरा खर्च विजेचा नसतो, तो दुरुस्तीचा असतो.

वॅटपेक्षा अधिक उपयोगाची माहिती यंत्राच्या तळाशी असलेल्या पट्टीवर आणि पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. ती म्हणजे यंत्र सलग किती वेळ चालवता येते. अनेक यंत्रांसाठी ‘५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद’ असे चक्र सांगितलेले असते आणि एकूण अर्ध्या तासानंतर मोटर पूर्ण थंड होऊ द्यावी लागते. काही यंत्रे याहून बराच अधिक वेळ सलग चालण्यासाठी बनवलेली असतात. घरात लग्नकार्य, मोठे घाणे, खानावळ असेल, तर वॅटआधी हा आकडा पाहावा.

विजेचा दाब : गावातली खरी अडचण

आपल्या घरांत येणाऱ्या विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट आहे. शहरातील सदनिकेत तो बहुधा त्याच्या जवळपास असतो. गावात मात्र ज्याला सर्वजण डीपी म्हणतात त्या रोहित्रावर भार वाढला की दाब उतरतो. पंखा मंद फिरू लागला की घरातल्यांना ते लगेच समजते. परंतु मिक्सरवर त्याचा काय परिणाम होतो, हे फारसे सांगितले जात नाही.

मिक्सरमध्ये वापरली जाणारी मोटर अशी असते की विजेचा दाब घटला की तिचा जोर त्याहून अधिक वेगाने घटतो. ढोबळ हिशेबाने दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला, तर सुरुवातीचा जोर तीन पंचमांशावर येतो. एरवी सहज वाटले जाणारे वाटण अशा वेळी पात्यांना अडवते. मोटर फिरत असताना तिच्या फिरण्यामुळेच आतील वीजप्रवाहाला आळा बसतो. ती मंदावली वा अडकली की हा आळा सुटतो, प्रवाह वाढतो आणि तांब्याची तार तापू लागते. तारेवरील लेप जळाला की वास येतो. यालाच आपण ‘मोटर जळाली’ म्हणतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, यंत्राला अतिभारापासून संरक्षण देणारा स्विच असलाच पाहिजे. हे लहान बटन यंत्राच्या तळाशी असते. भार वाढताच ते बाहेर येऊन वीज तोडते आणि मोटर थंड झाल्यावर दाबले की यंत्र पुन्हा सुरू होते. अनेक घरांत या बटनाची माहितीच नसल्याने चांगले यंत्र ‘बिघडले’ म्हणून दुकानात नेले जाते. दुसरा उपाय, पंखा मंद फिरत असताना जड वाटण करू नये. भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये. तिसरा, दाब कायमच कमी राहत असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार करावी. नुसते अधिक वॅटचे यंत्र घेतल्याने ही अडचण सुटत नाही.

सुरक्षेचा भागही येथेच येतो. तीन पिनांचा प्लग असलेल्या यंत्राला अर्थिंग हवेच. तिसरी पिन मोडून किंवा दोन पिनांच्या जोडणीत खुपसून यंत्र चालवणे म्हणजे ओल्या हाताने विजेशी खेळणे होय. काही यंत्रांना दुहेरी विद्युतरोधन असते आणि त्यांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दोन पिनांचा प्लग चालतो. घरातील वीजपेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल, तर गळती होताच वीज तुटते. स्वयंपाकघरातील सर्वच यंत्रांसाठी तो असावा.

झिजणारे भाग आधी ओळखावेत

बिघाड म्हटले की मोटरच डोळ्यांसमोर येते. पण मोटरीच्या आधी चार-पाच लहान भाग झिजतात आणि बहुतेक यंत्रे या भागांअभावीच माळ्यावर जातात.

कपलर : यंत्राच्या माथ्यावर आणि भांड्याच्या तळाशी असलेले दातेरी चक्र. भार फार वाढला की मोटरीऐवजी हे तुटावे, अशी त्याची योजना असते. तो स्वस्त असतो, पण प्रत्येक नमुन्याचा आकार वेगळा.

बुश व वॉशर : पात्याचा दांडा ज्यातून फिरतो तो बुश झिजला की भांड्याखाली काळपट पाणी दिसू लागते. हे पाणी खाली मोटरीत गेले की मोठा खर्च येतो. गळती दिसताच भांडे दुरुस्तीला द्यावे.

कार्बन : मोटरीतील फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे दोन लहान तुकडे. ते घासून आखूड होतात, मोटरीत ठिणग्या जास्त दिसू लागतात. वेळेत बदलले तर काम थोडक्यात भागते. दुर्लक्ष केले तर आर्मेचर खराब होते.

झाकण व त्याची रबरी कडा : रुंद भांड्याचे झाकण नीट बसल्याखेरीज यंत्र सुरू होऊ नये अशी कळ फूड प्रोसेसरमध्ये असते. ती झाकणाच्या एका खाचेवर अवलंबून असते. खाच तुटली की पूर्ण यंत्र धडधाकट असूनही बंद पडते. म्हणून मुख्य भांडे व झाकण सुटे मिळते का, हे आधी विचारावे.

खरेदीपूर्वी करायची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ज्या गावात यंत्र वापरले जाणार आहे, तेथील वा जवळच्या बाजारपेठेतील मिक्सर दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारणे. कोणत्या कंपनीचे कपलर, बुश, कार्बन तुमच्याकडे असतात? कोणत्या यंत्राचे भाग मागवावे लागतात? मेडशीतील घरासाठी यंत्र घ्यायचे असेल तर हा प्रश्न पुण्यातील दुकानदाराला विचारून भागणार नाही. तो मालेगाव, वाशीम किंवा अकोल्यातच विचारला पाहिजे. दूरध्वनीवरची पाच मिनिटे त्यासाठी पुरतात. जाहिरातीपेक्षा या उत्तरावर अधिक विसंबावे, कारण कारागिरासमोर रोज बिघडलेलीच यंत्रे येतात आणि त्यांतील कोणती परत उभी राहतात हे त्याला ठाऊक असते.

हमी वाचावी, मोजू नये

‘मोटरीवर पाच वर्षे हमी’ हे शब्द आकर्षक आहेत. पण मोटरीवरील हमी आणि संपूर्ण यंत्रावरील हमी यांचा काळ पुष्कळदा वेगळा असतो. कार्बन, कपलर, रबरी भाग आणि भांडी ही नेहमी झिजणारी असल्याने ती हमीबाहेर ठेवली जातात. घराऐवजी खानावळीत किंवा व्यवसायासाठी यंत्र वापरले तर हमी रद्द होण्याची अटही अनेकदा असते. म्हणून चार गोष्टी लिहून घ्याव्यात : हमीत कोणते भाग येतात, सेवा घरी मिळते की यंत्र न्यावे लागते, गावाच्या पिनकोडवर सेवा उपलब्ध आहे का आणि सर्वांत जवळचे अधिकृत सेवाकेंद्र कोठे आहे.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर यंत्राचा नमुना व अनुक्रमांक नोंदवलेला आहे हे पाहावे. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख हवी. शहरात घेऊन गावी पाठवायचे असेल तर बिल व हमीपत्राचे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवून मूळ कागद यंत्राबरोबर गावी द्यावेत. यंत्र एका ठिकाणी आणि कागद दुसऱ्या ठिकाणी, यामुळेच अनेक रास्त दावे फसतात.

यंत्रावर आयएसआय चिन्ह आहे का, हेही तपासावे. घरगुती विद्युत फूड मिक्सरसाठी भारतीय मानक आयएस ४२५० आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर हा क्रमांक टाकला की परवाना खरा आहे की नाही, हे तत्काळ कळते.

दुकानात आणि ऑनलाइन

दुकानात यंत्र पाहण्याचा फायदा असा की ते हाताळता येते. मुख्य भांडे स्वतः बसवून, काढून पाहावे. साठीच्या पुढच्या व्यक्तीला ते एका हाताने फिरवून बसवता येईल का? झाकण घट्ट बसते का? रिकामे यंत्र सुरू केल्यावर ते ओट्यावर सरकते का, आवाजात खरखर आहे का? तळाचे रबरी पाय पक्के आहेत का? पाती व चकत्या ठेवायला जागा दिली आहे का? उघड्या चकत्या खणात पडून राहिल्या की त्यांनी हात कापतात आणि मग त्या वापरल्याच जात नाहीत. सोबत मिळणाऱ्या जोडसाहित्याची संख्या मोजण्यापेक्षा त्यातील कोणते आठवड्यातून एकदा तरी वापरले जाईल, हे मोजावे.

ऑनलाइन खरेदी करताना विक्रेता कोण, हे नीट पाहावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार संकेतस्थळाने विक्रेत्याची माहिती, वस्तूचा मूळ देश आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असेही त्यात म्हटले आहे. खोका उघडतानाचे चित्रण करून ठेवले तर तुटलेल्या भांड्याची तक्रार करणे सोपे जाते.

वापरातल्या चार सवयी

चांगले यंत्रही चुकीच्या वापराने अल्पायुषी होते. भाजलेला मसाला व शिजलेली डाळ थंड झाल्यावरच वाटावी. गरम पदार्थाच्या वाफेने बंद भांड्याचे झाकण उडून भाजण्याचा धोका असतो. वेग सर्वांत कमी ठेवून सुरुवात करावी व मग वाढवावा. कणीक मळताना आधी पीठ, मग थोडे थोडे पाणी घालावे आणि पुस्तिकेत दिलेल्या वजनाहून अधिक पीठ घेऊ नये. वाटण झाले की पाण्यात साबणाचा थेंब टाकून भांडे क्षणभर फिरवावे आणि उपडे ठेवून वाळवावे. यंत्राचा मुख्य भाग मात्र केवळ ओल्या फडक्याने पुसावा, त्यावर पाणी ओतू नये. भाजी आत ढकलताना बोटांऐवजी सोबत दिलेला दट्ट्याच वापरावा. पाती काढण्यापूर्वी प्लग काढावा.

दाद कोठे मागावी?

यंत्र सदोष निघाले, हमी असूनही कंपनीने टाळाटाळ केली, तर आधी दुकानदाराला व कंपनीला लेखी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे.

येथे गावातील ग्राहकाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा बदल झाला आहे. १९८६ च्या कायद्यानुसार तक्रार साधारणपणे जेथे विक्रेता वा कंपनीचा व्यवसाय आहे किंवा जेथे वादाचे कारण घडले तेथेच करावी लागे. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. पुण्यात घेतलेल्या यंत्राबद्दल पुण्यात नोकरी करणाऱ्या ग्राहकाला पुण्यातच, तर मेडशीच्या रहिवाशाने स्वतः घेतलेल्या यंत्राबद्दल त्याला वाशीमच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. सदोष उत्पादनामुळे इजा झाल्यास उत्पादकावर दायित्व निश्चित करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. भेट म्हणून यंत्र देताना बिल कोणाच्या नावावर करावे, याचा विचारही यासाठीच आधी करावा : जो ते वापरणार आहे, त्याच्या नावाने बिल केले तर पुढचे मार्ग सोपे होतात.

शेवटी अर्थसंकल्प ठरवताना एक साधा हिशेब मांडावा. यंत्राच्या किमतीतून थोडी रक्कम बाजूला काढून तीत एक जादा कपलर, कार्बनची जोडी आणि चटणीच्या भांड्याचा वॉशर विकत घ्यावा आणि ते यंत्राच्याच खोक्यात ठेवावे. दोन जादा चकत्या असलेला महागडा नमुना घेण्यापेक्षा एक पायरी खालचा नमुना आणि हे तीन सुटे भाग, ही खरेदी गावाकडच्या घरात अधिक वर्षे उपयोगी पडते. यंत्र गावी नेल्यावर घरातील ज्या व्यक्तीने ते वापरायचे आहे, तिच्याच हातून ते पहिल्यांदा सुरू करून घ्यावे. तळाचे लहान बटन दाखवावे आणि कारागिराचा क्रमांक झाकणाच्या आत नव्हे, ओट्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा.